टॉवेल दिसला नाही

मंगळवारी सकाळी उस्ता शहाता मेला नाही. मरायला हवा होता असं कुणी म्हणणार नाही, पण सगळी तयारी तशी झाली होती. वारा होता, लोखंड होतं, हुकूम सुटला होता आणि उस्ता नेमका नको तिथे उभा होता. त्याला एका यंत्राने वाचवलं. अलेक्झांड्रियाच्या करमूझ भागातल्या सबस्टेशनात अकरा वर्षं कोपऱ्यात बसून ज्याने कणभर काम केलं नव्हतं, त्या यंत्राने मंगळवारी जन्मातलं पहिलं काम केलं, आणि ते इतकं चोख केलं की त्याच्या कॉम्प्रेसरच्या उबेला झोपलेल्या मांजरीने कूससुद्धा बदलली नाही. एवढी हकीकत. आता ती विसरायची, कारण असं काही घडलंच नाही. लाइनवरच्या त्या जुन्या मिस्त्रीला, उस्ता शहाताला विचारा, तो सांगेल. ब्रेकरच्या बटणांपाशी बसणाऱ्या बसयूनीला विचारा, तो न विचारताच सांगेल. त्या यंत्राचा इंजिनियर वगीह, त्याला मात्र विचारू नका. तोही हेच सांगेल, पण सांगताना खिडकीकडे बघेल, आणि मग तुम्हालाही उगीच खिडकीकडे बघावंसं वाटेल.

शहराला कळलं ते एवढंच, की दिवे मिचकले. नाक्यावरच्या न्हाव्याची मशीन गिऱ्हाइकाच्या मानेवर जराशी अडखळली आणि पुन्हा चालू लागली. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात फ्रीजला उचकी लागली. 'गेली वीज' असं म्हणायला लोकांनी तोंड उघडलं तोवर वीज होतीच, तेव्हा उघडलेल्या तोंडाचं काय करावं हे न सुचून त्यांनी जांभई दिली. वगीह त्या क्षणी कंट्रोल रूमच्या खिडकीत उभा होता. नंतर त्याने तो क्षण पुन्हा पुन्हा चाचपून पाहिला, दुखऱ्या दाताला जीभ लावून बघावी तसा. पण हाताला दर वेळी तेवढंच लागलं. एक मिचकाटा, आणि त्याच्या अलीकडे एक रिकामी जागा, जिथे काहीतरी निळं दिसायला हवं होतं.

निळं म्हणजे उस्ता शहाताचा टॉवेल. कुठलीही लाइन दुरुस्तीला घेतली की ती आधी बंद करायची आणि मग तिला क्लँप लावून जाड तारांनी जमिनीशी जोडायची, म्हणजे कुणी चुकून वीज सोडलीच तर ती माणसात न शिरता मातीत जाते. काम आटोपलं की क्लँप काढायचे, मग वीज सोडायची. क्लँप तसेच ठेवून वीज सोडली, तर सबस्टेशनात त्याहून मोठा शॉर्ट होणं शक्य नाही. हे होऊ नये म्हणून सगळ्या जगात पाट्या, कुलपं आणि सह्या असतात. करमूझलाही आहेत. पाट्या कपाटात आहेत, कुलपांच्या किल्ल्या बसयूनीच्या आधीच्या माणसाने निवृत्त होताना आठवण म्हणून नेल्या, आणि सह्या महिनाअखेर एकदम होतात. खरी पद्धत टॉवेलची होती. उस्ता शहाता क्लँप लावायचा, हातपाय धुवायचा, तोंड पुसायचा आणि आपला निळा टॉवेल अर्थिंगच्या तारेवर वाळत टाकायचा. जमिनीला जोडलेल्या तारेइतकी निर्धोक तार सबस्टेशनात दुसरी नाही असं त्याचं म्हणणं, आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. क्लँप काढायचा तर टॉवेल आधी काढावा लागे. असं वर्षानुवर्षं चालत गेलं आणि कुणीही न ठरवता ठरलं, की टॉवेल आहे म्हणजे क्लँप आहे, टॉवेल नाही म्हणजे लाइन मोकळी. त्या खांबांच्या आणि तारांच्या जंगलात खिडकीतून क्लँप काही दिसत नसत, निळा रंग दिसे. नवीन माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी कँटीन आणि टॉवेल दाखवत. टॉवेल कधी चुकला नव्हता. पाट्या चुकल्या होत्या, सह्या तर चुकण्यासाठीच होत्या.

मंगळवारी कासिम सुरू झाला होता. हिवाळ्यात समुद्रावरून येणाऱ्या वादळाला इथे नव्वा म्हणतात आणि प्रत्येक नव्व्याला नाव असतं. कासिम हा त्या भावंडांतला तापट. गिरणीच्या लाइनवर खाऱ्या वाऱ्याने मीठ बसलं होतं, ते पुसून झालं होतं. बसयूनी खुर्चीत रेलून कलेजीच्या सँडविचचा कागद चाचपत होता, आत अजून काही उरलंय का म्हणून.

"साहेब, सोडू का गिरणीची लाइन? गिरणीवाला आता फोनवर माझ्या आईची चौकशी करायला लागलाय."

वगीहने खिडकीतून पाहिलं. रेती उडत होती. टॉवेल दिसला नाही.

"दे," तो म्हणाला.

ब्रेकर धाडकन बसला, दिवे मिचकले, ब्रेकर धाडकन उठला, आणि अंगणाच्या कोपऱ्यातून आवाज आला, फुस्स. कुणी थोराड माणसाने दिवसभराचे बूट काढून सुस्कारा सोडावा तसा. यंत्राच्या माथ्यावरच्या नळीतून पांढरी वाफ निघाली आणि वाऱ्याने ती लगेच ओढून नेली. वगीह ओरडला. काय ओरडला ते त्याला स्वच्छ आठवतं, दुखरा दात तोच आहे. "चाललं!" असं तो ओरडला. त्याने बसयूनीच्या पाठीत थाप मारली, दोन्ही हात वर केले आणि हसला. लग्नात हसतात तसं नव्हे, लहान मूल हसतं तसं, तोंड पूर्ण उघडून. अकरा वर्षं जे झालं नाही ते झालं होतं. त्या हसण्यात आणखी काही नव्हतं, कुणी माणूस नव्हता, टॉवेल नव्हता, 'शॉर्ट झालाच का' हा प्रश्नही नव्हता. ते हसणं किती टिकलं असेल? धुळीतून एक माणूस गुडघ्यांवर उठून बसेल इतकं. गिरणीच्या लाइनखाली, क्लँपपासून हातभर अंतरावर, उस्ता शहाता उठून बसला आणि डोक्यावर टोपी आहे का ते चाचपू लागला.

दोघे धावत गेले तेव्हा तो उभा राहिला होता.

"उस्ता! जिवंत आहेस ना?" बसयूनी लांबूनच ओरडला.

"माझा टॉवेल कुठाय?"

"अरे, जिवंत आहेस का विचारतोय!"

"तेच बघतोय लेका. आधी टॉवेल सापडू दे." मग वगीहकडे वळून तो म्हणाला, "साहेब, क्लँप काढायला आलो तर टॉवेल उडालेला. म्हटलं आधी टॉवेल शोधावा, मग क्लँप. नाहीतर तुम्हाला कसं कळणार?"

म्हणणं बरोबर होतं. उस्ताने मांडी चोळली. अर्थिंगच्या तारेने त्याला ढोसलं होतं, गोठ्यातली म्हैस ढोसते तसं. बाकी काही नाही. वगीहने त्या तारेकडे पाहिलं. अंगठ्याएवढी जाड तार, जमिनीवर निवांत पडलेली. शॉर्टमध्ये अशी तार काय करते याचं गणित त्याने तरुणपणी पानंच्या पानं भरून मांडलं होतं. शॉर्ट झाला की विजेला नेहमीच्या कितीतरी पट जोर चढतो, तारा तापायच्या आधी उसळतात, चाबूक उसळतो तशा, आणि ब्रेकर उघडेपर्यंत डोळ्याच्या पापणीएवढा जो वेळ जातो त्यात माणसं संपतात. त्या पापणीएवढ्या वेळासाठी हे यंत्र होतं. कागदोपत्री त्याचं नाव अतिवाहक फॉल्ट-करंट मर्यादक. सबस्टेशनात सगळे त्याला फ्रीज म्हणत. त्याच्या पोटात खास पट्ट्या असतात, द्रव नायट्रोजनात बुडवलेल्या, अशा थंडीत की तिथे स्पिरिटचाही दगड होतो. तेवढ्या थंडीत पट्टी विजेला मुळीच अडवत नाही. वीज येते आणि जाते, दाराशी कुणी नाव विचारत नाही. पण प्रमाणाबाहेर लोंढा आला की पट्टीची ही सौजन्याची सवय तत्क्षणी सुटते आणि ती दारात आडवी पडते. लोंढा दाराशीच दमतो. नायट्रोजन उकळतो, फुस्स होतं, थोड्या वेळाने पट्टी पुन्हा थंड होऊन पुन्हा पहिल्यासारखी. कुणाला काही कळत नाही. यंत्राचं यश हेच, आणि वगीहचं आयुष्य यातच गेलं होतं, की यश आलं तरी ते कुणाला कळू नये.

कंट्रोल रूममध्ये चहा आला. अर्धा ग्लास साखर, अर्धा चहा.

"हे वर कळवावं लागेल का?" उस्ताने विचारलं.

"काय कळवायचं?" बसयूनी म्हणाला. "माननीय महोदय, आमचा टॉवेल उडाला?"

"चौकशी लागेल," उस्ता म्हणाला. चहाला म्हणाल्यासारखा म्हणाला. वसंतात तो निवृत्त व्हायचा होता. चौकशी लागली तर निवृत्ती लांबते, निवृत्तिवेतन थांबतं, आणि चौकशी करणारे जिवंत माणसाला असे प्रश्न विचारतात की तो मेला असता तर त्यांना बरं वाटलं असतं असं वाटावं. "क्लँप माझे, टॉवेल माझा. दुसऱ्या कुणाचं काय जातं त्यात?"

"हुकूम माझा," वगीह म्हणाला.

"बटण माझं," बसयूनी म्हणाला. "म्हणजे आपण तिघे एका टॉवेलाखाली आलो. म्हणून विचारतो, काय झालं? काही झालं का? मी तर म्हणतो काही झालं नाही. गिरणीची लाइन जरा उशिरा सुटली. वारा होता."

दोघांनी वगीहकडे पाहिलं. गुरुवारी मुख्यालयातून समिती यायची होती. फ्रीज ठेवायचा की मोडीत काढायचा ते ठरवायला. हे तिघांनाही माहीत होतं, आणि यंत्र चालतं याचा अकरा वर्षांतला एकमेव पुरावा समोर बसून चहात बोट बुडवून साखर ढवळतोय, हेही माहीत होतं.

"यंत्र तुमचं आहे साहेब," उस्ता शहाता म्हणाला. "तुम्ही म्हणाल तसं."

त्याने रडारड केली असती तर बरं झालं असतं. वगीहने चहा संपवला आणि "काही झालं नाही" असं म्हणाला. म्हणताना त्याला वाटलं की हे वाक्य आपण पूर्वी कुठेतरी बोललोय. मग आठवलं, आपण दुसरं काही बोललोच नाही.

शिकायला तो परदेशी गेला होता तेव्हा त्याचे केस कुरळे आणि पुष्कळ होते. थंड गाव, थंड लोक, आणि एक म्हातारे प्राध्यापक, ज्यांना पदार्थ गोठवण्यापलीकडे संसारात रस नव्हता. त्यांनी एक काळी कडी वाफाळत्या नायट्रोजनात बुडवली, तीवर चुंबक ठेवला, आणि चुंबक हवेत तरंगत राहिला, खालून कुणी धरलेला नाही, वरून कुणी टांगलेला नाही. "या कडीत एकदा वीज सोडली," ते म्हणाले, "की ती वर्षानुवर्षं फिरत राहते. ढकलावं लागत नाही." वगीहने त्या रात्री सौसनला फोन केला. तेव्हा ती त्याची बायको व्हायची होती आणि एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होती. त्याने तिला कडीचं सगळं सांगितलं. शब्द सापडत नव्हते तिथे तो नुसताच श्वास घेत होता.

"म्हणजे तिथे कुणी थकत नाही?" तिने विचारलं.

"कुणीच नाही."

"मग ती इकडे आणू नकोस रे. तिला इथे करमणार नाही."

तो आणून बसला. यंत्र आलं, ते बनवणारे पाहुणे आले, फीत कापली, पाहुण्यांनी हॉटेलात मासे खाल्ले आणि ते आपल्या थंड गावी परत गेले. वगीह राहिला. पहिल्या वर्षी कुणी विचारलं की तो सांगे, काम चालू आहे. दुसऱ्या वर्षी सांगे, यंत्र तयार आहे. पुढे लोक विचारीनासे झाले, आणि लग्नाकार्यात सौसनचा भाऊ त्याची ओळख करून देताना म्हणू लागला, हे आमचे भाओजी, यांच्या हाताखाली शहरातला सगळ्यात महागडा फ्रीज आहे आणि त्यात ठेवायला काही नाही. सगळे हसत. वगीहही हसे. घरात भांडण वाढायला लागलं की तो असाच आडवा पडे, हसून, खांदे उडवून, जेवणाचं ताट उचलून. लोंढा दाराशीच दमे. सौसन म्हणे, तुझ्याशी भांडण करणं म्हणजे समुद्रावर दार आपटणं. मग तीही थंड होई, आणि थोड्या वेळाने सगळं पहिल्यासारखं. मुलं झाली नाहीत, त्याचं दुःख झालं आणि तेही फुस्स करून नळीतून गेलं. आता मंगळवारपासून त्याला एकच कळत नव्हतं. त्या सगळ्या हिवाळ्यांत, नव्वा सुटला की तो खिडकीत उभा राहून वाट बघायचा. कशाची? एक मोठा शॉर्ट व्हावा म्हणून. लोक मुलासाठी पिराला नवस करतात, त्याने मनातल्या मनात शॉर्टसाठी केला होता. एकच दे. मोठा दे. आणि देणाऱ्याने दिला, वर उस्ता शहाता ठेवून दिला, आणि तो उस्ताकडे न बघता वाफेकडे बघून हसला.

यंत्रावर काचेआड एक आकडा असतो, ते किती वेळा चाललं ते सांगणारा. अकरा वर्षं तिथे शून्य होतं. बुधवारी सकाळी वगीह जाऊन बघून आला. एक. तो तिथे बराच वेळ उभा राहिला. आकडा मागे फिरवता येत नाही. पाहुण्यांनी मुद्दामच तसा केला होता, माणसांवर विश्वास नसल्यामुळे. टॉवेल त्याच दिवशी सापडला, एका घोडागाडीवाल्याने घोड्याच्या पाठीवर घातला होता. उस्ताने भांडून परत आणला. बसयूनीने तो घेतला, हुंगला, नाक मुरडलं, आणि नीट घडी घालून काचेवर टांगला.

"झालं," तो म्हणाला. "शून्यही नाही, एकही नाही. टॉवेल आहे."

गुरुवारी मादाम इन्शिराह आल्या. समितीत आणखी माणसं होती, पण त्यांना फक्त कँटीनमध्ये रस होता. मादाम इन्शिराहंचे गुडघे दुखत, त्या स्वतःची उशी काखेत घेऊन फिरत आणि सरकारी खुर्चीवर ती ठेवल्याशिवाय बसत नसत. यंत्रासमोर खुर्ची मागवली, उशी ठेवली, बसल्या. कॉम्प्रेसर घरघरत होता. मांजर झोपली होती.

"हे काय करतं?"

"वाट बघतं मॅडम," बसयूनी म्हणाला.

"कशाची?"

"फॉल्टची," वगीह म्हणाला. "लहान फॉल्ट येतच असतात, त्यांना ब्रेकर पुरतो. हे मोठ्यासाठी आहे."

"आणि मोठा आला नाही."

"नाही."

"माझे यजमान निवृत्त झाल्यापासून असेच बसलेत," मादाम इन्शिराह म्हणाल्या. "पण ते निदान वीज खात नाहीत. हा टॉवेल कुणाचा?"

"माझा मॅडम," उस्ता शहाता पुढे झाला. हातात चहाचे ग्लास होते. "वाळत घातलाय."

"आत उणे एकशे शहाण्णव, आणि तुम्ही इथे कपडे वाळत घालता?"

"थंडी आत आहे मॅडम. बाहेर ऊब आहे. मांजरीला विचारा."

मादाम इन्शिराहंनी मांजरीकडे पाहिलं. मग पेनच्या टोकाने टॉवेलाचा कोपरा उचलला. वगीहने तो कोपरा वर जाताना पाहिला, फार सावकाश, लग्नातल्या बुरख्यासारखा. काचेआड एक होता, काळा, सरळ, कुणीतरी उभं राहिल्यासारखा.

"हे काय?"

"कारखान्यातून आलं तेव्हाचं आहे," बसयूनी म्हणाला. "तिकडे चाचणी घेतात ना."

मादाम इन्शिराहंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या वगीहकडे बघत होत्या. त्यांचे डोळे थकलेले पण जागे होते, शाळेतल्या त्या बाईंसारखे, ज्यांना मूल खोटं बोलणार हे कळतं आणि ते बरं बोलावं एवढीच इच्छा असते. त्यांनी फक्त विचारायचं होतं आणि त्याने फक्त बोलायचं होतं. तोंडात शब्द तयार होते. मंगळवारी, गिरणीच्या लाइनवर, क्लँप असताना. एवढं पुरे होतं. यंत्र राहिलं असतं. दुसरी आली असती, सगळ्या शहरात, सगळ्या देशात. फिती कापल्या असत्या. सौसनच्या भावाला त्याने सगळं सावकाश समजावून सांगितलं असतं. आणि उस्ता शहाताने एका लांब बाकावर बसून, टॉवेल कधी टाकला आणि का टाकला, हे वसंतापर्यंत आणि वसंतानंतरही सांगितलं असतं. पण ते एकटंच कारण नव्हतं, हे वगीहला तेवढ्या वेळातही दिसलं. उस्ताच्या बाकावर त्याच्या शेजारी जागा होती आणि तिथे तो स्वतः बसला होता. 'इंजिनियर, तुम्ही काय बघून हुकूम दिलात?' 'टॉवेल.' 'टॉवेल बघून?' 'टॉवेल न बघून.' आपण कुणाला वाचवतोय? हा प्रश्न दोन्ही बाजूंनी सारखाच गरम होता, आणि त्याला धरायला मूठ नव्हती. मग वगीह थंड झाला, सवयीने.

"कारखान्यातली चाचणी," तो म्हणाला.

"तुमच्या दर वर्षीच्या अहवालात शून्य आहे."

"ते इथलं शून्य मॅडम. हा त्यांचा एक. त्यांचा आम्ही कधी मोजला नाही."

मादाम इन्शिराहंनी टॉवेल सोडला. तो पूर्ववत लोंबला. त्यांनी उशी जराशी सरकवली.

"मी या कामात म्हातारी झाले," त्या म्हणाल्या. "तुम्हाला एक सांगते. हे यंत्र नसलेल्या सबस्टेशनात एखादा माणूस मेला असता, तर मी ही फाइल संध्याकाळपर्यंत पुढे पाठवली असती. मेलेल्या माणसाला नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. जिवंत लोकांसाठी मात्र मला खर्च टाकायला कोणतं शीर्षकच सापडत नाही. तुमच्याकडे कुणी मेलंय?"

कॉम्प्रेसर घरघरत राहिला. उस्ता शहाताने चहाचा ग्लास पुढे केला.

"माफ करा मॅडम," तो म्हणाला. "राहून गेलं."

मादाम इन्शिराहंनी ग्लास घेतला. उस्ताकडे पाहिलं, त्याच्या मांडीकडे पाहिलं, तो त्या पायावर कमी भार देऊन उभा होता. चहाचा घोट घेतला. "साखर फार आहे," त्या म्हणाल्या, आणि मग वगीहकडे न बघता, "बंद करा."

बंद करणं सोपं होतं. अकरा वर्षांत वगीहने ज्या बटणाला कधी हात लावला नव्हता ते दाबलं, आणि घरघर थांबली. थांबल्यावर कळलं की ती होती. काही दिवस नायट्रोजन आपोआप उकळत राहिला, नळीतून वाफेचा दोरा निघत राहिला, मग तोही नाही. मांजर उठली, कॉम्प्रेसरला एक प्रदक्षिणा घातली, आणि कंट्रोल रूममध्ये येऊन वगीहच्या खुर्चीत झोपली. वगीह उभा राहू लागला.

घरी सौसनने ताट वाढताना विचारलं, "आज काय झालं?"

"काही नाही."

ती पळी हातात घेऊन थांबली. "हे कसलं 'काही नाही'?"

"रोजचंच."

"शब्द रोजचेच आहेत," ती म्हणाली, आणि थोडी वाट पाहून तिने भात वाढला. त्याला वाटलं, आता ती भांडेल तर आपण आडवे पडणार नाही, लोंढा येऊ देऊ. पण ती भांडली नाही. तिनेही कधीतरी सवय लावून घेतली असावी. दुसऱ्या दिवशी निघताना त्याने गच्चीतल्या दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढून खिशात घातले.

"ते कुठे?"

"ऑफिसात लागतात."

"तिथे काय वाळत घालता?"

"टॉवेल," तो म्हणाला. लग्नानंतर बायकोशी इतकं खरं तो कधी बोलला नव्हता, आणि ती हसली.

कपाटातल्या पाट्या त्याने स्वतः काढल्या, पुसल्या, लावल्या. बसयूनीने नव्या किल्ल्या मागवण्याचं कबूल केलं. दोन दिवस पाट्या वाऱ्यावर खडखडल्या. तिसऱ्या दिवशी लाइन सोडायची वेळ आली तेव्हा बसयूनी खिडकीशी गेला आणि म्हणाला, "पाटी काढलीय, सहीपण आहे. ते ठीक. पण साहेब, टॉवेल काय म्हणतो?" आणि वगीहही खिडकीशी गेला. दोघांनी बघितलं. निळं दिसलं नाही. तरी वगीह कोट घालून वाऱ्यात गेला, क्लँपच्या जागांना हात लावून आला, क्लँप नाहीत याची खात्री करून आला. परत येताना त्याने आधी बंद फ्रीजच्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि मग रेतीत पडलेला, मधोमध तुटलेला एक चिमटा उचलला. सौसनचा होता. हे आणखी किती दिवस जमेल, हे त्याला माहीत होतं. ज्या दिवशी त्याला सर्दी असेल, किंवा गिरणीवाला बसयूनीच्या आईची फार चौकशी करेल, त्या दिवसापर्यंत. कंट्रोल रूममध्ये मांजरीला उठवून तो खुर्चीत बसला, सरकारी कागद पुढे ओढला आणि लिहू लागला.

प्रति, माननीय महासंचालक, भांडार विभाग. विषय: टॉवेल, नग एक. महोदय, सविनय सादर करण्यात येते की, या सबस्टेशनातील फॉल्ट-करंट मर्यादक बंद करण्यात आला असल्याने त्याच्या जागी एक टॉवेल मिळणे आवश्यक झाले आहे. टॉवेल निळा असावा व खिडकीतून दिसावा. तो इतका जड असावा की कोणत्याही नव्व्यात उडू नये, आणि इतका हलका असावा की उस्ता शहाता यांना तो पायाचे दुखणे सांभाळून खांद्यावरून नेता यावा. तो वर्षानुवर्षे काहीही न करता टिकावा. पूर्वीच्या टॉवेलाबाबत या कार्यालयाची कोणतीही तक्रार नाही. मागणीच्या कारणापुढील जागा कोरी आहे. ती नजरचुकीने राहिलेली नसून तशीच वाचण्यात यावी. उस्ता शहाता वसंतात निवृत्त होत असून तोपर्यंत बरेच वारे शिल्लक आहेत, तरी सदर टॉवेल पुढील नव्व्यापूर्वी मंजूर करण्यात यावा, ही नम्र विनंती.